प्रा. दि. ब. देवधर : एका अध्यापकाची मैदानी कारकीर्द



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत क्रिकेटवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय चालकांनी दिलेला नाही, मीच मागून घेतला आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्याने सुरू झाली ती लोकशिक्षणासाठी, आणि माझ्यासारख्यांचे जे काही शिक्षण झाले ते अशाच व्याख्यानांतून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. चढलो तो तिथल्या शिपायांच्या आणि प्रयोगशाळा-परिचरांच्या मागण्या घेऊन. त्यामुळे इतिहासाचे पुस्तक उघडले की माझ्या मनात विद्वानांना न पडणारा प्रश्न आधी येतो. हे काम झाले खरे, पण ते करणाऱ्याला वेळ कोठून मिळाला आणि त्या वेळेचे दाम कोणी मोजले? प्राध्यापक दिनकर बळवंत देवधरांच्या कारकीर्दीला आज हाच प्रश्न विचारायचा आहे.

अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल संघाला शिकवणारा गृहस्थ हा कॉलेजचाच नोकर असतो. त्याला ‘कोच’ म्हणतात, त्याची नेमणूक होते, त्याला पगार असतो, आणि संघ हरत राहिला तर त्याची नोकरीही जाते. अशा कोचांत रॉड डेडो यांचे नाव फार मोठे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बेसबॉल संघ त्यांनी १९४२ पासून १९८६ पर्यंत सांभाळला, आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी १९७० ते १९७४ अशी पाच तर ओळीने. पण मौज अशी की हा माणूस पगार म्हणून वर्षाला एक डॉलर घेत असे. एवढ्यावर प्रपंच कसा चालला? तर त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा होता आणि तो उत्तम चालत होता. लोक त्या एका डॉलरचे कौतुक करतात. मला मात्र त्या मालमोटारी दिसतात. एक डॉलरवर पंचेचाळीस वर्षे शिकवणे हे निःस्वार्थीपणाचे काम आहे, यात शंका नाही. परंतु तो निःस्वार्थीपणा परवडावा यासाठी मालमोटारी रस्त्यावर धावत होत्या आणि त्या कोणीतरी चालवत होते.

आपल्याकडे ‘कोच’ म्हणून कॉलेजात पगारी जागा त्या काळी सहसा नव्हतीच. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात देवधर होते ते संस्कृतचे प्राध्यापक म्हणून. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली ‘न्यू पूना कॉलेज’ या नावाने काढलेले हे कॉलेज पुढे जमखंडीच्या पटवर्धनांच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊंच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सकाळी संस्कृत आणि संध्याकाळी क्रिकेट, असे दोन संसार देवधरांनी वर्षानुवर्षे चालवले. पहिल्या संसाराचा पगार होता, दुसऱ्याचा नव्हता. पण पहिला होता म्हणून दुसरा उभा राहिला.

देवधरांचा जन्म पुण्यातला, १४ जानेवारी १८९२ चा. मोठ्या दर्जाच्या सामन्यांत ते उतरले १९११ साली, आणि दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही ते खेळत होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली आणि दुसऱ्याच्या नंतर संपलेली अशी ही कारकीर्द आहे. प्रथम श्रेणीचे ८१ सामने, साडेचार हजारांवर धावा. आजच्या मानाने सामने थोडे वाटतील, पण त्या काळी सामनेच थोडे होत.

आता याच सालांशेजारी मी दुसरी साले ठेवतो. १९११ साली देवधर मोठ्या मैदानावर उतरले. त्याच वर्षी कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला गेला. बारा तासांवर ‘आणला’, हे लक्षात घ्या. म्हणजे त्याआधी तो त्याहून मोठा होता. १९२२ साली आठवड्याला साठ तास झाले. १९३४ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास चोपन्नावर आले. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा यायला १९४६ साल उजाडले, आणि तेव्हा देवधर चोपन्न वर्षांचे होऊन पॅड उतरवण्याच्या बेतात होते. म्हणजे एका प्राध्यापकाची उभी क्रिकेट कारकीर्द ही गिरणी कामगाराची संध्याकाळ मोकळी होण्याच्या लढ्याइतकीच लांब आहे. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची. तिच्या भोंग्याने उठणाऱ्या आणि तिच्या भोंग्याने सुटणाऱ्या माणसांच्या घरी चेंडू टोलवणारी पोरे नव्हती, असे कोण म्हणेल? पण दिवस मावळल्यावर सुटलेल्याला मैदान दिसत नाही. पॉली उम्रीगरांसारखा खेळाडू सोलापुरात १९२६ साली जन्मला हे आपण अभिमानाने सांगतो; त्यांचे क्रिकेट फुलले ते मुंबईत.

यात देवधरांचा दोष काढण्याचा हेतू नाही. मिळालेल्या संध्याकाळीचे त्यांनी काय केले, तेच तर सांगायचे आहे.

१९२६ सालच्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला. हिंदूंच्या संघाकडून सी. के. नायडूंनी १५३ धावा काढल्या, त्या पराक्रमाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याच दौऱ्यात, मुंबई जिमखान्याच्याच मैदानावर, भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. हिंदुस्थानातले लोक इंग्लंडशी बरोबरीने खेळू शकतात हे साहेबाला पटवण्यात या दोन डावांचा वाटा मोठा आहे. दोन वर्षांनी, १९२८ साली, क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. त्या संघात देवधर नव्हते. चाळीस वर्षांचा माणूस म्हणून त्यांना बाजूला ठेवले गेले असावे. ज्यांच्या खेळाने दार उघडायला मदत झाली त्यांना त्या दारातून आत जाता आले नाही; ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. आमच्या चळवळीत असे पुष्कळ दिसते. मागणीसाठी उपोषणाला बसणारा निवृत्त होतो आणि नवी वेतनश्रेणी त्याच्या मागच्या पिढीला लागू होते.

पण कसोटीची संधी गेल्यावर त्यांनी जे उभे केले, तेच त्यांच्या कारकीर्दीचे खरे काम, असे माझे मत आहे. रणजी स्पर्धेत तेव्हा दोन तऱ्हेचे संघ होते. एक, ज्यांच्या पाठीशी संस्थानिक होते. नवानगर, पतियाळा, बडोदे, पुढे होळकर. तिथे गुणी खेळाडूला दरबारात किंवा फौजेत चाकरी मिळे, आणि चाकरी म्हणजे खेळणे. दुसरी मुंबई, जिच्याजवळ पैसा, जिमखाने आणि कंपन्या होत्या. देवधरांच्या महाराष्ट्र संघाजवळ यांतले काही नव्हते. होते ते पुण्याचे पी. वाय. सी. हिंदू जिमखान्यासारखे क्लब, कॉलेजची मैदाने, आणि शिकवण्याची सवय असलेला एक कप्तान.

या सवयीचा उपयोग कसा झाला तो पाहण्याजोगा आहे. त्या स्पर्धेत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जाई. मग सामना जिंकायचा कसा याचे गणित सोपे होते: पहिल्या डावात लवकर बाद व्हायचे नाही. पण गणित सोपे असले तरी देह ते पेलणारा लागतो. दोन-दोन दिवस धावत एकेक धाव काढायची, आणि मग दोन-दोन दिवस उन्हात क्षेत्ररक्षण करायचे. देवधरांचा भर व्यायामावर, धावण्यावर आणि क्षेत्ररक्षणावर होता तो म्हणूनच. देखणा फटका देवदत्त असतो. दमछाक न होणे हे मात्र शिकवून येते. १९४०-४१ च्या मोसमात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५०. दोन डावांत मिळून तेराशे पंचवीस धावा, आणि निकाल लागला तो पंचवीस धावांनी! त्यात पन्नाशीला टेकलेल्या कप्तानाच्या २४६ होत्या. त्याच मोसमात उत्तर भारताच्या संघाविरुद्ध ७९८ धावांचा डोंगर रचला गेला.

त्याच्या आदल्या मोसमात, १९३९-४० साली, महाराष्ट्राने पुण्यात अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला आणि करंडक प्रथमच जिंकला. पुढल्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासला सहा गड्यांनी हरवून तो राखला. या संघात सांगलीचे विजय हजारे होते, ज्यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढून भारतीय खेळाडूचे पहिले प्रथम श्रेणीचे त्रिशतक नोंदवले. रंगा सोहोनी होते, कमल भांडारकर होते, दुसऱ्या वर्षी लेगस्पिन टाकणारे तरुण सदू शिंदे आले. भांडारकर पुढे स्वतः प्रशिक्षक म्हणून नावाजले आणि सुनील गावसकरांना लहान वयात त्यांचे मार्गदर्शन लाभले. चांगल्या जॉबरच्या हाताखाली शिकलेला साचेवाला पुढे दुसऱ्या गिरणीत जाऊन जॉबर होतो, तशी ही परंपरा. हजारे लवकरच बडोद्याच्या चाकरीत गेले. काही जुने पुणेकर याबद्दल हळहळताना आढळतात. मला यात काही वावगे दिसत नाही. कसबी कारागिराने जिथे पोटाची सोय आहे तिथे जावे.

आणि आता जे सांगतो त्यावर मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला माणूस म्हणून अंमळ थांबणार आहे. १९४४ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत देवधरांनी शतके काढली, १०५ आणि १४१. वय वर्षे बावन्न. या वयात आमच्यासारख्यांना सत्याग्रहात जमिनीवर बसले तर उठवायला कार्यकर्ता लागतो.

घरातही त्यांची शाळा चालू होती, असे म्हणावे लागते. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. मुलींनी मैदानावर उतरणे ज्या काळी सहज मानले जात नव्हते त्या काळातली ही गोष्ट आहे. पण इथेही घरात एक नियमित वेतन येत होते आणि बाप संध्याकाळी घरी किंवा मैदानावर असू शकत होता, ही साधी गोष्ट मी विसरत नाही.

इथपर्यंत सर्वांना आवडेल असे बोलणे झाले. आता थोडे मागे जाऊ.

देवधर जन्मले त्याच १८९२ साली पुण्यात युरोपियनांच्या पूना क्लबात एक पोरगेला नोकर लागला. नाव बाळू पालवणकर, जात चांभार. त्याआधी तो पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्या-लाटण्याचे काम महिना तीन रुपयांवर करत होता. इथे चार झाले. रूळ फिरवायचा, जाळ्या उभ्या करायच्या, टेनिसचे अंगण आखायचे, आणि साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा तासन् तास चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचे त्या काळचे मोठे फलंदाज आपल्याला बाद केले तर बाळूला दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. विचार करा: रोज चेंडू टाकून दुसऱ्याची फलंदाजी सुधारून देणारा, आजच्या भाषेत याला काय म्हणाल? पुण्याच्या क्रिकेटचा पहिला पगारी प्रशिक्षक मी बाळूंनाच मानतो. फक्त हजेरीपटावर त्यांचा हुद्दा वेगळा लिहिलेला होता.

बाळू पुढे हिंदूंच्या संघात आले ते त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली म्हणून. मैदानावर सर्वांच्या बरोबरीने खेळायचे आणि चहाच्या वेळी बाहेर बसून मातीच्या कपातून वेगळा चहा प्यायचा, असा तो काळ होता. १९११ साली, म्हणजे देवधरांच्या पदार्पणाच्या साली, बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही.

मंगळवेढ्यात ही गोष्ट फोडून सांगण्याची गरज नाही. गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा मजुरांसह गेले, असे परंपरा सांगते, ते याच गावात. ज्यांचा अभंग आपण गातो त्यांना मरण आले ते वेठीच्या कामावर.

देवधरांच्या कारकीर्दीशी हे जोडणारा दुवा १९२० सालचा आहे. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघातून बाळूंना वगळण्यात आले. कप्तान पै आजारी पडले. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम, दोघेही कसलेले आणि जाणते खेळाडू, संघात असताना कर्णधारपद दिले गेले ते देवधरांना. देवधरांचे वय अठ्ठावीस, जात ब्राह्मण, शिक्षण उच्च. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले.

याला आमच्या भाषेत संप म्हणतात. दोन माणसांचा संप. आणि तो यशस्वी झाला, हेही सांगितले पाहिजे. वाटाघाटी झाल्या, अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार म्हणून घेतले गेले, आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदान सोडून गेल्यामुळे बाळूंना नेतृत्व करता आले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले.

या प्रकरणात देवधरांना कुठे ठेवायचे? निवड त्यांनी केली नव्हती, ती समितीने केली. पण मिळालेली जागा त्यांनी स्वीकारली. नव्या फोरमनच्या नेमणुकीविरुद्ध खात्यातले लोक बाहेर पडतात तेव्हा तो फोरमन दुष्ट असतोच असे नाही. बहुधा तो आपल्या कामात हुशारच असतो. तरी लोक बाहेर पडतात ते बरोबरच असते. देवधर गुणी होते म्हणून १९२० ची नेमणूक न्याय्य ठरत नाही, आणि ती नेमणूक अन्याय्य होती म्हणून १९४० चा करंडक खोटा ठरत नाही. पुण्याचे अभिमानी लोक दुसरा भाग सांगतात आणि पहिला गाळतात. आमच्यातले काही तडफदार कार्यकर्ते पहिला सांगून उठतात. दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात आहेत आणि दोन्ही वाचले पाहिजेत.

बाळू क्लबात लागले त्यानंतर साधारण एक शतकाने दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर मुलांना शिकवत होते. त्यांच्या पाठीशीही एक नोकरी होती, स्टेट बँकेतली. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या वाट्याला आला, १९६३-६४ साली. शारदाश्रमाच्या मुलांना शिकवताना ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत; सचिन तेंडुलकरांना जो बाद करील त्याचे ते नाणे, बाद नाही झाले तर तेंडुलकरांचे. ग्रेगच्या आठ आण्यांचा रुपया झाला, आणि त्याचबरोबर फलंदाजालाही तो मिळण्याची सोय झाली! आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या जानेवारीत ते गेले. कॉलेजच्या पगारावर देवधर, बँकेच्या पगारावर आचरेकर. शिकवणे दोघांचेही पगाराबाहेरचे. ते शक्य झाले, कारण नोकरी कायम होती, तिचे तास ठरलेले होते आणि तिच्या पुढे निवृत्तिवेतन होते. हे तास आणि ही कायमता मिळवण्यासाठी अध्यापकांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना किती वर्षे झगडल्या, ते क्रिकेटच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. म्हणून मी सांगतो आहे.

आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ कॉलेजांत तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक आहेत. जितके तास शिकवले तितक्याचे पैसे. सुट्टीत पैसे नाहीत, पुढल्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. त्यांच्यापैकी काहींना मी जवळून ओळखतो. एका गावात सकाळी तास घेऊन दुपारी एस. टी. ने दुसऱ्या गावी जायचे आणि रात्री शिकवणी घ्यायची. यांत संस्कृत शिकवणारेही असतील, आणि चेंडूची पारख असलेलेही असतील. देवधर आज पंचविशीत असते आणि अशा नेमणुकीवर असते, तर संध्याकाळी पाच वाजता ते कोणत्या एस. टी. त असते, याचा हिशेब आपण आपल्याशी करावा.

देवधर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले, निवड समितीवर होते. १९६५ साली पद्मश्री, १९९१ साली पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि ती पाहायला ते स्वतः हयात होते. वयाची शंभरी पूर्ण करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाळू पालवणकर त्यांच्या अडतीस वर्षे आधी, १९५५ च्या जुलैत मुंबईत वारले.

२०२४ च्या मे महिन्यात आय. पी. एल. चा मोसम संपल्यावर नियामक मंडळाने नेहमीच्या दहा मैदानांवरच्या खेळपट्टी सांभाळणाऱ्यांसाठी प्रत्येक मैदानामागे पंचवीस लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. पूना क्लबात चार रुपयांवर रूळ फिरवणाऱ्या पोराला लागून तेव्हा एकशे बत्तीस वर्षे झाली होती. बक्षीस जाहीर झाले ते वाचून आमच्या कार्यालयात बसलेल्या एका म्हाताऱ्या विणकराने एवढेच विचारले, की पगार किती आहे त्यांचा?